भ्यालेल्या मनाचा उपचार

मंडळी, ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. चार वाजायला थोडा वेळ होता. तोच लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीची जड घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. इकडे आपल्या परभणीकडेही जमीन हादरली.

आमचा एक मावसभाऊ त्या भागात राहत होता. तो वाचला. आमची मावशी, म्हणजे त्याची आई, गेली. पुढे तो आमच्याकडे राहायला आला. रस्त्यावरून ट्रक गेला आणि फळीवरची भांडी वाजली, की हा भरल्या ताटावरून उठून अंगणात पळे. पावसातसुद्धा घरात निजत नसे. आम्ही पडलो मास्तर. त्याला शहाणपण शिकवले. म्हणालो, "झालं ते झालं, आता विसर." तो म्हणाला, "दादा, मला समजतंय हो. पायांना समजत नाही."

तेथे आमचेच चुकले. साधी आठवण दिवस जातील तशी पुसट होते. पण जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण कधी कधी जुनी होतच नाही. ती आली, की सारे आत्ताच घडते आहे असे वाटते. छाती धडधडते, घाम सुटतो. अपघात, पूर, मारहाण, कशानेही असे होऊ शकते. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

त्यातला एक उपचार डोळ्यांच्या हालचालींचा आहे. फ्रान्सिन शापिरो नावाच्या बाई अमेरिकेत होत्या. १९८७ साली बागेत फिरताना त्यांच्या ध्यानात आले, की डोळे भराभर इकडून तिकडे फिरले, तर मनातला त्रासदायक विचार सौम्य होतो. त्यावरून त्यांनी पद्धत बसवली. तिला ई.एम.डी.आर. म्हणतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा आजारासाठी ती सुचवली.

उपचार करणारा आधी सगळी हकिकत विचारतो. घाबरल्यास मन शांत कसे करावे, ते शिकवतो. मग त्या प्रसंगातले सर्वांत वाईट चित्र मनात आणायला सांगतो. त्रास किती, ते ० ते १० मध्ये सांगायचे. मग तो आपली बोटे डोळ्यांसमोर डावीउजवीकडे हलवतो. मान न हलवता नजरेने बोटांमागे जायचे. अर्ध्या मिनिटाने तो थांबतो आणि विचारतो, "आता मनात काय आले?" असे पुन्हा पुन्हा करतात. आकडा हळूहळू उतरतो. कोणी डोळ्यांऐवजी हातांवर आळीपाळीने थापट्या देतात.

याने गुण कसा येतो? तिफण हाकताना कोणी सतराचा पाढा म्हणायला लावला, तर दोन्हीकडे मन पुरत नाही. तसेच येथे होते. अर्धे मन बोटांमागे जाते, म्हणून ते चित्र फिके पडते, असे पुष्कळ जाणकार मानतात. काही जण म्हणतात, डोळ्यांचे काम थोडेच. धीर देऊन आठवायला लावले, त्याचाच गुण येतो. हा वाद चालू आहे. आठवण मात्र पुसली जात नाही. मावशी आठवेल, पण पाय पळणार नाहीत.

एक ताकीद देतो. घरी कोणी बोटे हलवून बघू नका. जखम उघडी पडली आणि बांधणारा नसला, तर माणूस अधिक घाबरतो. हे शिकलेल्या माणसाचेच काम आहे. असे लोक खेड्यात नाहीत, शहरातही थोडेच. तरी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांची चौकशी करावी. १४४१६ या नंबरवर सरकारचे टेलि-मानस केंद्र आहे. तेथे रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलता येते. कोठे जावे, तेही सांगतात. हे पाच आकडे आता तुम्हांला वाचता येतात, लिहूनही घ्या.

आमचा भाऊ आता साठीला आला आहे. अजून खाट दाराजवळच टाकतो. गेल्या महिन्यात आम्ही त्याला हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही संगं येणार असाल, तर जाऊ."