आपली पट्टी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणगौरव समारंभानंतर केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील गुणवंत मुलामुलींचा गौरव आताच आपण टाळ्यांच्या गजरात केला. त्यांचे व त्यांच्या मातापित्यांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. कलेविषयी चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आहे. मी गाणे शिकविणारा मनुष्य. पुष्कळ वर्षे पुष्कळ मुलामुलींसमोर तंबोरा घेऊन बसलो. त्या अनुभवात जी एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडली, तिच्यापुरतेच आज बोलणार आहे.

बारा-तेराव्या वर्षापर्यंत मुले आनंदाने गातात, चित्रे काढतात, वहीच्या मागच्या पानावर कविता लिहितात. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांतील बरीचशी गप्प होतात. अभ्यास वाढला, वेळ उरत नाही, ही कारणे सांगण्यात येतात. ती खोटीही नव्हेत. परंतु जरा खोलात जाऊन विचारले, म्हणजे हळूच उत्तर येते: "माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगली गाते. मग मी गाऊन काय उपयोग?" कला सुटते ती पुष्कळदा या एका वाक्याने. आणि हे वाक्य केवळ मुलांच्या तोंडी असते असे नाही. चाळिशीचा हौशी कथालेखक, साठीतल्या कीर्तनप्रेमी बाई, रविवारी रंगपेटी उघडणारे कारकून, या सर्वांच्या मनात ते घर करून बसलेले असते.

या वाक्यात चूक कोठे आहे ते प्रथम पाहू.

गणिताच्या परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते. म्हणून तेथे पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमांक सार्थ होतात. गाण्याच्या बाबतीत मात्र पहिली गोष्ट शिकवावी लागते ती ही की, प्रत्येकाची पट्टी निराळी. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. तंबोरा गाणाऱ्याच्या षड्जाला जुळवायचा असतो. शेजारच्याचा आवाज उंच जातो म्हणून त्याच्या पट्टीत गाऊ लागलात, तर त्याचे गाणे तुम्हांला येणार नाहीच, तुमचा गळा मात्र बसेल. जे गळ्याचे, तेच कुंचल्याचे आणि लेखणीचे.

दुसरी चूक अशी की, आपण दुसऱ्याची मैफल ऐकतो आणि तिची तुलना स्वतःच्या रियाजाशी करतो. त्याच्या बसलेल्या शंभर ताना आपल्या कानी पडतात. फसलेल्या हजार त्याच्या घराच्या भिंतींनी ऐकलेल्या असतात. आपल्या फसलेल्या ताना मात्र आपण एकूण एक ऐकलेल्या असतात! दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. पूर्वी ही तुलना निदान आळीपुरती, फार तर गावापुरती होती. आता मोबाइलच्या पडद्यावर साऱ्या जगातील निवडक गळे सकाळ-संध्याकाळ घरात येतात, आणि आमची दहा वर्षांची मुलगी त्या सर्वांशी एकाच वेळी स्वतःला तोलू लागते. एवढे ओझे कोणता कोवळा खांदा पेलील?

आता थोरांची उदाहरणे पाहू. गंगूबाई हनगल या १९१३ साली धारवाडला जन्मल्या. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि गोड होता. त्या काळच्या त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावाने निघाल्या आहेत. पुढे घशाच्या विकारावर उपचार झाले आणि तो आवाज पार बदलला. भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्याच काळात किराणा घराण्यातच हिराबाई बडोदेकर गात होत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही कन्या. स्वर असा नाजूक आणि सुरेल की, स्त्रीचे गाणे म्हणजे हिराबाईंचे गाणे असे रसिक समजत. गंगूबाईंनी त्या मापाने आपला आवाज मोजला असता, तर तंबोरा कायमचा खुंटीला टांगावा लागला असता. त्यांनी तसे केले नाही. हिराबाईंशी त्यांचा स्नेह राहिला, आणि गाणे मात्र आपल्या आवाजाचे राहिले. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकत राहिल्या, आणि जो आवाज मिळाला त्याच्याच बळावर त्यांनी ख्यालगायनात आपले स्थान निर्माण केले. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा तो आवाज आज दोन स्वरांत ओळखू येतो. ज्याला दोष म्हणून रडता आले असते, तीच त्यांची ओळख ठरली.

त्याच सवाई गंधर्वांच्या घरी राहून, पाणी भरून, भीमसेन जोशी शिकले. त्यांच्याकडेच फिरोज दस्तूरही शिकले. गुरू एक, घराणे एक. पण भीमसेनजींचा मेघासारखा आवाज, दस्तुरांची मृदू आलापी आणि गंगूबाईंचा धीरगंभीर स्वर यांत कोणाचे कोणाशी साम्य सांगाल? १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू झाला, त्यात हे तिघेही वर्षानुवर्षे गायले. यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर चघळण्यास बरा. गाणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

प्रेक्षकांनी लावलेल्या तुलनेला कलावंताने कसे तोंड द्यावे, याचे उदाहरण आपल्या रंगभूमीवर आहे. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट पडले होते. असे असता ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. एकाच्या गळ्यात माधुर्य, दुसऱ्याच्या गळ्यात तेज. त्या रात्री हरले कोणीच नाही. दोघांच्या तेजाने नाटक मात्र उजळले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. शंभर वर्षे लोटली, तरी मराठी माणूस तो प्रयोग आठवतो तो 'संयुक्त मानापमान' याच नावाने. 'संयुक्त' हा शब्द ध्यानात धरण्याजोगा आहे.

तिसरे उदाहरण चित्रकलेतले. हातात दिवा घेतलेल्या आणि त्याच्या प्रकाशाने चेहरा उजळलेल्या स्त्रीचे एक चित्र आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पाहून कित्येक जण चटकन म्हणतात, "राजा रविवर्मा!" वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच गेले. हे चित्र सावंतवाडीच्या सां. ल. हळदणकर यांनी आपल्या कन्येला समोर उभी करून १९४५-४६च्या सुमारास जलरंगांत काढले. केलेल्या कामाचे श्रेयही जग पुष्कळदा मोठ्या नावाच्या खाती जमा करते. मग त्या जगाच्या तराजूवर आपले समाधान टांगून ठेवण्यात काय शहाणपण? हळदणकरांच्या हाती एकच गोष्ट होती: दिव्याचा उजेड बोटांमधून कसा झिरपतो ते नीट पाहून कागदावर उतरविणे. ती त्यांनी पुरी केली. म्हणून नाव चुकले तरी चित्र चुकले नाही.

आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरी! त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पुण्यामुंबईत कोण कशा कविता करीत आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी जे सुचले ते त्या आपल्या बोलीत गात गेल्या. चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी व एका आप्ताने ती गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, त्यांचा संग्रह निघाला. लेवा गणबोलीची ही कविता कोणाच्या पट्टीत बसविली असती, तर महाराष्ट्र केवढ्या ठेव्याला मुकला असता!

यावर कोणी विचारील, "मग दुसऱ्याचे पाहूच नये काय? चढाओढ नसेल तर प्रगती कशी होणार?" शंका रास्त आहे. पाहावे, अवश्य पाहावे. मात्र काय पाहावे याचा विवेक ठेवावा. "तो माझ्यापेक्षा मोठा का?" या प्रश्नातून मत्सर तरी निपजतो किंवा निराशा तरी. "ही जागा त्याने घेतली कशी?" या प्रश्नातून विद्या मिळते. पहिल्या प्रश्नात माणसे तोलली जातात, दुसऱ्यात काम तपासले जाते. हेवा वाटला, तर तो दडपू नका. कोंबडे झाकून उजाडायचे राहत नाही. त्या हेव्यालाच विचारा, "याच्या कोणत्या गुणाने तू जागा झालास?" जे उत्तर येईल तो उद्याच्या रियाजाचा धडा समजा.

दोन-तीन साधे उपाय सुचवितो. प्रत्येक कलावंताने, लहान असो वा मोठा, तारीख घालून आपल्या कामाची वही ठेवावी आणि वर्षाकाठी एकदा गेल्या वर्षीचे पान उघडावे. तुलना करायचीच तर त्या पानाशी करावी. तेथे वय, गळा, घरची परिस्थिती सारे आपलेच असते, म्हणून न्याय होतो. दुसरे, ज्याचे काम मनाला लागले त्याला भेटून किंवा पत्र लिहून तसे सांगावे. मोकळ्या मनाने केलेली स्तुती हेव्याची मुळे तोडते, हा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. तिसरे, पाहुण्यांदेखत "त्या काकूंची सुमन बघ कशी गाते" हे वाक्य आईबापांनी उच्चारू नये. त्यामुळे सुमनचे गाणे वाढत नाही. घरचे मात्र थांबते.

अखेर, मंडळाला एक विनंती. परीक्षेतील यशाची पारितोषिके अवश्य चालू ठेवावीत. ती आपल्या समाजाने कष्टाने उभारलेली परंपरा आहे. परंतु पुढील संमेलनात एक तास असा राखावा की, त्यात ज्याला जे येते ते त्याने सादर करावे: ओवी, पोवाडा, पेटी, रांगोळी, स्वतःची कविता. परीक्षक नकोत, क्रमांक नकोत. आजीबाईंनी जात्यावरचे गाणे म्हणावे आणि त्यांच्या नातीने त्यानंतर गिटार वाजवावी. एकमेकांचे ऐकण्याची सवय ज्या समाजाला लागते, त्यात मुलांना गप्प बसावे लागत नाही.

बालमित्रांनो, आज ज्यांना व्यासपीठावर बोलावणे आले नाही त्यांना विशेष सांगतो. घरी जा, तंबोरा असेल तर तो काढा, नसेल तर पेटीचा एक सूर धरा, आणि तुमचा षड्ज कोठे लागतो ते शोधा. तो सापडला की, निम्मे काम झाले. उरलेले निम्मे आयुष्यभर पुरेल.