गेम अडकतो, तेव्हा प्लॅन वाढवायचा की वायर जोडायची?

आम्ही पांझरेपलीकडच्या, धुळ्याच्या देवपूर भागातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे मुलांच्या गेमचा. पण पैसे आपल्याच कनवटीचे जातात, म्हणून ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं सुट्टीत दुकानात काम केलं आणि जुना प्लेस्टेशन घेतला. संध्याकाळी खेळायला बसला की घर डोक्यावर. "आई, लॅग होतंय! ताईला मोबाईल बंद करायला सांग!" त्याच वेळी बहीण स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन सराव करायची. रोज मोबाईल बंद करावा लागायचा तो मुलीलाच. शेवटी मुलगा म्हणाला, महाग प्लॅन घ्या. महिन्याला दोनशे रुपये जास्त. ताई बैठकीत म्हणाल्या, "दूध कमी करू की किराणा?"

मग आम्ही माहिती काढली. प्लॅनचे एमबीपीएस म्हणजे नळाचा पाइप किती रुंद, एवढंच. गेम डाउनलोड करताना रुंद पाइप लागतो, कारण एकेक गेम पन्नास-शंभर जीबीचा असतो. खेळताना मात्र नेट थोडंच लागतं. तेव्हा महत्त्वाचं असतं ते बटण दाबल्यावर निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन किती लवकर परत येतो. त्याला पिंग म्हणतात. ते मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद.

फायबरच्या काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईला जाऊन यायला त्याला तीन-चार मिलिसेकंद पुरतात. मग अडतं कुठं? पुष्कळदा आपल्याच घरात.

वायफाय आपल्या बैठकीसारखं असतं. एका वेळी एकीनंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. घरातले चार मोबाईल, टीव्ही, शेजारच्यांचे राउटर, सगळे पाळी बघत बसतात. ऐकू आलं नाही तर निरोप पुन्हा सांगावा लागतो. म्हणून पिंग कधी दहा, तर कधी एकदम दीडशे. या वर-खाली होण्यालाच मुलं लॅग म्हणतात. त्यात आपली धाब्याची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती, वर पत्रे. त्यातून वायफाय कसं नीट पोचणार? ताईंचा राउटर तर लोखंडी कपाटामागं होता!

वायरचं तसं नाही. लॅन केबलमधून यंत्राला स्वतःची वेगळी वाट मिळते. राउटरच्या मागं चौकोनी खाचा असतात, तशीच एक प्लेस्टेशनच्या मागं असते. दहा मीटरची केबल अडीचशे रुपयांना पडली, तीही एकदाच. टोकं खोचली, सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन वायरची जोडणी निवडली, झालं. राउटर कपाटामागून काढून उघड्या जागी, उंचावर ठेवला. आता मुलगा वायरवर खेळतो आणि मुलीला वायफाय मोकळं मिळतं. प्लॅन तोच राहिला.

पण वायर म्हणजे जादू नव्हे. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर जाऊन यायला निदान चाळीस मिलिसेकंद लागणारच. बाहेरून येणारी लाइनच खराब असेल, तर घरातली वायर काय करणार? मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल, तर संध्याकाळी टॉवरवर गर्दी होते, तिलाही इलाज नाही. वायर ओढणं जमत नसेल, तर प्लेस्टेशन राउटरच्या खोलीतच ठेवा आणि पाच गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. ते वेगवान असतं, पण भिंतीपलीकडं लवकर क्षीण होतं.

एक जपा. लॅन केबल तांब्याची असते. ती अंगणातून, गच्चीवरून, शेजारच्या घरी ओढू नका. मृगाआधी आपल्याकडं विजा पडतात. यंत्र जळेल, माणसालाही धोका. घरातही केबल भिंतीच्या कडेनं खिळवून घ्या, म्हणजे कुणी अडखळणार नाही आणि उंदरांवरही नजर राहील.

खेड्यातल्या बहिणींनो, २०११ साली केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढं भारतनेट नाव मिळालं. तुमच्या गावात तिथून घरी जोडणी मिळते का, हे ग्रामसभेत विचारा.

आणि शेवटचं. नेटचं बिल घराचं असतं, एकट्या मुलाचं नसतं. ताईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलंय: सात ते नऊ मुलीचा अभ्यास, तेवढा वेळ मोठं डाउनलोड बंद. खेळ त्यानंतर. भांडण मिटलं ते निम्मं केबलनं आणि निम्मं या कागदानं.

आज घरी गेल्यावर एवढंच बघा, आपला राउटर कशामागं दडलाय? येतो आम्ही. नमस्कार.