बैल किती घेतले?

एका पालकसभेत एका आजींनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "घरी त्या मोबाइलपायी पोरगं जेवत नाही, आणि तुम्ही शाळेतही गेमच खेळवणार?" सवाल रास्त होता.

उत्तरासाठी जरा मागे, १९७१ सालात जाऊ. अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये डॉन रॉविट्श हा प्रशिक्षणार्थी शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेकडे ओरेगॉनला निघालेल्या कुटुंबांचा धडा होता. त्याने दोन मित्रांच्या मदतीने त्यावर एक संगणकीय खेळ रचला. नाव 'ओरेगॉन ट्रेल'. पडदा नव्हताच. फोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेलं एक टेलिटाइप यंत्र कागदावर खडखड छापायचं. यंत्र एक, मुलं वर्गभर! तर मुलांनी आपणच कामं वाटून घेतली. ज्याची बोटं चपळ तो टाइप करणार, एक जण नकाशा बघणार, एकाकडे पैशांचा हिशेब. म्हणून 'आमच्याकडे एकच संगणक आहे हो' असं कुणी शिक्षक म्हणाले की मी म्हणते, बरंच झालं. तीस मुलं तीस पडद्यांत तोंड घालून बसली, तर वर्ग उरतो कुठे?

याच खेळाची पुढची एक आवृत्ती मी सातवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर लावली. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगत होते. गाडी नदीकाठी आली. पाणी किती खोल ते पडद्यावर दिसत होतं. गाडी पाण्यात घालायची, पैसे मोजून तराफ्याने जायचं, की पाणी उतरेपर्यंत थांबायचं? मी खेळ तिथेच थांबवला आणि वहीत कारणासकट निर्णय लिहायला सांगितला. वर्गात जी जुंपली म्हणता! "थांबलो तर धान्य संपेल." "बुडालो तर धान्य कुणाला खायचंय?" तास संपला तरी नदी ओलांडलेली नव्हती. मला तेच हवं होतं.

शिक्षकांनो, खेळ आधी घरी स्वतः खेळा, हरा, आणि नेमकं कुठे थांबवायचं ते ठरवा. खेळायला पंधरा मिनिटं पुरतात, बाकी तास बोलण्याचा. गुणांची शर्यत लावू नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली आणि मुलं धडा सोडून आकडेच मोजत बसली. शिवाय प्रत्येक खेळाला विचारावं, तू कुणाच्या बाजूने बोलतोस? 'ओरेगॉन ट्रेल' मुख्यतः गाडीत बसलेल्यांची गोष्ट सांगतो. ज्यांच्या भूमीवरून त्या गाड्या गेल्या, त्या मूळ रहिवाशांची बाजू शिक्षकाने मांडायची. रॉविट्शनेही नंतर प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून वाटेतल्या संकटांचं प्रमाण सुधारलं होतं. वर्गात हे जरूर सांगा, म्हणजे मुलांना कळेल की खेळही कुणीतरी माणसानेच लिहिलेला असतो.

आणि पालकांनो, 'किती वेळ खेळलास' यासोबत 'काय ठरवलंस आणि का' हेही विचारा.

त्या आजींचा नातू त्याच सातवीत होता. त्याने घरी वही दाखवली, त्यात निघतानाच्या खरेदीचा हिशेबही होता. दुसऱ्या दिवशी आजी फाटकाशी मला गाठून म्हणाल्या, "बाई, बैलांवर एवढाच खर्च? पहिल्याच चढणीला बसतील ते!"