स्वतःची मालमोटार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मालमोटारीवरील चालकाने मालक होण्याची उमेद बाळगणे स्तुत्यच होय. परंतु भाडे म्हणजे मिळकत नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याने सारा हिशेब भाड्यावरच बांधला. परतीच्या रिकाम्या खेपा, पावसाळ्यातील बसलेले दिवस व टायरांचा खर्च धरलाच नाही. हप्ते थकले, गाडी गेली आणि जामीन या नात्याने उरलेले कर्ज मला फेडावे लागले. त्याला गणित मीच शिकविले होते!

म्हणून अल्प भांडवलाच्या तरुणाने लहान वाहनापासून आरंभ करावा. भारासह ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहनास मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये परमिट लागत नाही. विमा व योग्यता-प्रमाणपत्र मात्र हवेच. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून तारणावाचून कर्ज मिळू शकते. तरीही निदान तीन हप्त्यांची रक्कम गाठीस असल्याविना कर्जावर सही करू नये. प्रत्येक भाड्यातून डिझेल, हप्ता, टायर व विमा यांचे पैसे प्रथम वेगळे काढावेत. उरेल तीच कमाई.

तो विद्यार्थी आज पुन्हा लहानसा टेंपो चालवितो व दरमहा हिशेबाची वही मला आणून दाखवितो. अशी वही आपल्या प्रत्येक तरुणाजवळ असो, एवढीच प्रार्थना.