परदेशातील कायम वास्तव्याचा अर्ज : काळजी आणि कर्तव्य



आजचा विषय घरगुती वाटेल, पण त्यात एका मुलीचे सारे आयुष्य गुंतलेले असते. मुलगा कॅनडात स्थायिक, लग्न होऊन सून इकडे थांबलेली, आणि तिच्या कायम वास्तव्याचा, म्हणजे पी.आर.चा अर्ज तिकडच्या कार्यालयात विचाराधीन. "काही कळलं का गं?" असे शेजारीपाजारी विचारतात आणि तिचा जीव टांगणीला लागतो. आम्ही बँकेतील माणसे. खात्याच्या उताऱ्यावर शिक्का घ्यायला येणाऱ्या अशा मुली आमच्या काउंटरवर अधूनमधून येतात. त्यांच्या बोलण्यातून आम्हांस एक गोष्ट उमगली. ही काळजी दुहेरी असते. अर्ज नामंजूर होईल काय, ही पहिली. आणि आपले सगळे भवितव्य नवऱ्याच्या हाती गेले काय, ही दुसरी. पहिलीवर उपाय चोख कागदपत्रांचा, तर दुसरीवर कायद्याच्या माहितीचा.

प्रथम पहिलीचा विचार करू. तिकडचा अधिकारी दोन गोष्टी तपासतो : विवाह खरा आहे काय, आणि तो मुख्यतः तिकडे प्रवेश मिळविण्यासाठी तर केलेला नाही ना? दोहोंपैकी एका बाबतीत जरी त्याचे मत प्रतिकूल झाले, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पुष्कळांना वाटते की मुलाचा पगार मोठा हवा. वास्तविक पती किंवा पत्नीसाठी अर्ज करताना सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. मात्र अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर जगणाऱ्यास जोडीदारासाठी अर्ज करता येत नाही. दुसरी भीती आजाराची. उपचाराचा खर्च जास्त येईल एवढ्याच कारणावरून पती वा पत्नीस नाकारता येत नाही. सार्वजनिक आरोग्यास धोका असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा खरे काम आहे ते नाते कागदावर दिसण्याचे. विवाहाची नोंदणी वेळीच करावी. हिंदू विवाह कायदा, १९५५, हा बौद्धांनाही लागू आहे आणि महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. लग्नाचे फोटो, दोन्हीकडच्या नातेवाइकांची उपस्थिती, भेटीला आल्याची विमानतिकिटे, एकमेकांस पाठविलेले पैसे, दूरध्वनीच्या नोंदी हे सर्व तारीखवार ठेवावे. वर तिकडे आणि वधू इकडे, असे फोनवर किंवा संगणकाच्या पडद्यावर लावलेले लग्न कॅनडा २०१५ पासून या कामी सामान्यतः मान्य करीत नाही, हेही ध्यानात असावे.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची आहे. लग्नानंतर पुष्कळदा मुलीचे आडनाव बदलते, आणि मधले वडिलांचे नाव जाऊन तेथे पतीचे नाव येते. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, बँकेचे खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे! परदेशातील अधिकाऱ्यास आपली रीत ठाऊक असेलच असे नाही. म्हणून सर्व कागद एका नावावर आणावेत, किंवा ही पद्धत समजावून सांगणारे पत्र व प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. नाव न बदलणे हाही एक मार्ग आहेच, आणि त्यास कायद्याची काही हरकत नाही.

येथे एजंटांविषयी दोन शब्द. या कामाचे पैसे घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने तेथील वकील, परवानाधारक सल्लागार आदी ठराविक व्यक्तींनाच दिला आहे. "फोटो आम्ही जुळवून देतो" असे कोणी म्हणाला तर त्याच्या दारातून परत फिरावे. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर ५ वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

एवढे करूनही नकार आलाच, तर सर्व संपले असे समजू नये. कॅनडाबाहेरील जोडीदारासाठी केलेला अर्ज फेटाळला गेल्यास, तेथील जोडीदारास सहसा ३० दिवसांच्या आत अपील करता येते. तेथे नवा पुरावाही मांडता येतो.

आता दुसऱ्या काळजीकडे वळू. ती मुली मोठ्याने बोलत नाहीत. "त्यांच्याशी वाद झाला तर मला परत पाठवतील का?" ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅनडाने असा नियम केला होता की, नाते २ वर्षांचे किंवा त्याहून कमी असेल व मूलबाळ नसेल, तर पी.आर. मिळाल्यावर २ वर्षे जोडीदारासोबत राहिलेच पाहिजे. छळ होत असल्यास सूट होती. तरीही पी.आर. जाईल या भीतीने छळ सोसत राहण्याची वेळ येते, अशी टीका झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती अट रद्द झाली. तो जुना धाक घालणारे लोक मात्र अजून भेटतात.

सध्याची स्थिती स्पष्ट आहे. पी.आर. मिळेपर्यंत अर्ज मागे घेणे पतीच्या हाती असते, हे खरे. परंतु एकदा पी.आर. मिळाले की तो हक्क तिचा स्वतःचा आहे. अर्ज खरेपणाने केलेला असेल, तर केवळ नवऱ्याने घराबाहेर काढले म्हणून तो जात नाही. उलट ३ वर्षे तिच्या मूलभूत गरजा भागविण्याची त्याने सरकारला दिलेली हमी संसार मोडला तरी कायम राहते. हे ज्या मुलीस ठाऊक आहे, तिला कोणी धाक दाखवू शकत नाही.

म्हणून विद्यार्थिनींना आमचे कळकळीचे सांगणे आहे. प्रतीक्षेचा काळ रिकामा घालवू नका. "आता जायचेच आहे" म्हणून शिक्षण अर्धवट सोडू नका, हातची नोकरी टाकू नका. स्वतःच्या नावाचे खाते ठेवा. पासपोर्ट आणि अर्जाच्या सर्व प्रती स्वतःजवळ ठेवा. वडीलधाऱ्यांनीही "कधी जाणार?" असे विचारण्याऐवजी "सध्या काय शिकतेस?" असे विचारावे. अर्जाचा निकाल तिकडचे कार्यालय देईल, पण निकाल कोणताही लागला तरी ती मुलगी स्वतःच्या पायावर उभी असली पाहिजे, हे पाहणे आपले काम आहे.