कुमारजींनी ज्यांना ऐकलं

(गणेशोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेत केलेलं भाषण)



मी राज्य शासनात उपयंत्री, विजेचा डिप्लोमा केलेला माणूस. संगीतावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण गेल्या हिवाळ्यात ऐकलेल्या एका कार्यक्रमाबद्दल बोलायचं आहे, कारण यंदा आपण दहा दिवसांचे कार्यक्रम ठरवतो आहोत.

श्यामला हिल्सवरच्या एका लहानशा सभागृहात देवासकडच्या भजनी मंडळींचा कबीर होता. शंभर-सव्वाशे माणसं असतील. मी दहावीतल्या मुलीला घेऊन गेलो होतो. दुसऱ्या रांगेतून तंबुऱ्याच्या तारा मोजता येत होत्या. पाच. शास्त्रीय गायकाच्या मागे वाजतो तो तानपुरा हा नव्हे. मालव्यात गायक तंबुरा स्वतःच धरतो. एका हाताने तारा छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल. म्हणजे सूर आणि ठेका दोन्ही एकाच माणसाकडे. सोबत ढोलक, टिमकी, मंजिरा, पेटी आणि चक्क व्हायोलिन! गायकाची ओळ संपली की व्हायोलिनवाला तीच ओळ मागून म्हणायचा, थोडी स्वतःची भर घालून.

मधेच गायक थांबून अर्थ सांगत. खालून एका आजोबांनी विचारलं, "घट म्हणजे हे शरीरच ना?" गायक हसले, म्हणाले, "आप बताओ," आणि पुढचं कडवं सुरू केलं. मोठ्या मंडपात हे होणं शक्य नाही. तिथे गायकाला समोर फक्त दिव्यांचा झोत दिसतो.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडचं ब्लूग्रास असंच असतं. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या वाद्यवृंदावरून त्या संगीताला नाव पडलं. मँडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिनच, गिटार आणि बँजो. जुन्या पद्धतीत सगळे एकाच माइकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे मागे सरकतात. आवाजाचा तोल यंत्रावर नाही, पायांवर! (त्यांचा बँजो मुळात आफ्रिकेतून गेलेल्या लोकांचा. आपल्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीचा बँजो म्हणजे बटणांचा बुलबुलतरंग, तो वेगळा.)

आता मुद्द्यावर येतो. कुमार गंधर्वांचं नाव निघालं की आपली छाती फुगते. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले आणि काही वर्षं अंथरुणावर पडून होते. गाणं बंद, ऐकणं चालू. बाहेरून जाणाऱ्या भजनवाल्यांची, बायकांची गाणी कानावर पडत. पुढे त्यांनी मालव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, निर्गुणी भजनं मैफलीत आणली. त्या भजनांच्या रेकॉर्ड आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहेत. पण ज्यांच्याकडून ती आली, त्यांना आपण समोर बसून कधी ऐकलं? देवास इथून दीडशे किलोमीटरवर आहे. मुंबई-पुण्याच्या कलाकारांना आपण रेल्वेचं भाडं आणि हॉटेल देतो. देवास, उज्जैनकडची एकही मंडळी माझ्या आठवणीत आपल्या मंचावर बसलेली नाही. आणि ही काही अनोळखी माणसं नाहीत. प्रह्लादसिंह टिपानिया यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तेही पेशाने शाळामास्तर, आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखे नोकरदार.

काही जण म्हणतील, हे मराठी मंडळ आहे, इथे हिंदी-मालवी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपली मुलं अभंगाच्या दुसऱ्या ओळीला मोबाइल काढतात, हेही आपण बघतो. त्या कार्यक्रमानंतर माझ्या मुलीने घरी येऊन तुकारामांची गाथा मागितली, असं काही घडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा भरताना ती व्हायोलिनवाली चाल गुणगुणत होती. माझ्या अभंगांच्या सीडीने हे पंधरा वर्षांत केलेलं नाही. त्याच संध्याकाळी एखाद्या घरच्या गायकाने चार अभंग म्हटले, तर तेही तिच्या कानावर पडतील.

मागच्या वर्षीच्या हिशोबात साउंडचा आकडा कलाकारांच्या मानधनापेक्षा मोठा होता. खजिनदार मान हलवताहेत. माझी सूचना एवढीच: दहातली एक संध्याकाळ मंडपात नको, आपल्या वरच्या हॉलमध्ये करू. स्टेज नको, सतरंज्या घालू. मंडळींना गाडीभाडं, योग्य मानधन आणि भगिनींच्या हातचं जेवण. शंभराच्या वर माणसं मावणार नाहीत, तेव्हा आधी नावं घ्यावी लागतील. माइक एक आणि छोटे स्पीकर दोन पुरतात. ते मी स्वतः बसवून देतो. माळ्यावरच्या सतरंज्या मात्र आधी उन्हात टाकायला हव्यात.