पाय जमिनीवर, दांडी वर

आज कोड नाही, एआय नाही. आज खिडक्या. हसू नका, ऐका.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पुण्यात माझा भाड्याचा फ्लॅट, चौथा मजला. हॉलमध्ये मोठी स्लायडिंग खिडकी आणि तिच्या वर न उघडणारी काच. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये. सहज मान वळवली, तर कामाच्या मावशी खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या. एक हात चौकटीला, दुसऱ्यात फडकं, आणि अर्धं अंग बाहेर!

ओरडायचीही भीती. दचकल्या तर? हळूच जवळ गेलो. म्हटलं, "मावशी, आधी आत या."

त्या म्हणाल्या, "दरवर्षी अशीच पुसते की दादा. खाली बघायचं नाही, बस."

सकाळी "सगळ्या काचा पुसून घ्या" असं मीच सांगितलं होतं. वरची काच कशी पुसणार, हे विचारलंच नव्हतं. चूक माझी होती.

त्याच रात्री लांब होणारी दांडी मागवली. पुढे दोन जोड: पाणी लावायला मायक्रोफायबरचं कापड आणि पाणी ओढायला रबरी वायपर. असा एका पट्टीचा हलका वायपर १९३६ मध्ये एत्तोरे स्तेक्कोने यांनी बनवला. इटलीतून अमेरिकेत गेलेला हा माणूस स्वतः काचा पुसायचा. ज्याचं काम, त्यालाच अडचण कळते!

आता पद्धत. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब, जास्त नको, ओघळ राहतात. ऊन काचेवर असताना पुसू नका, पाणी लगेच सुकून डाग पडतात. आधी कोरडी धूळ काढा, मग ओलं कापड, मग वायपर वरून खाली. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा आणि पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवा. दांडी पूर्ण लांब करू नका. ती वाकते आणि जोर लागत नाही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने जात नाहीत, ते क्षारांचे असतात. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून पाच मिनिटं थांबा. खाली संगमरवर असेल तर त्यावर सांडू देऊ नका, चमक जाते.

बाहेरच्या बाजूसाठी पुढचा सांधा वाकवायचा आणि उघड्या फटीतून दांडी बाहेर काढून काच आपल्याकडे पुसत आणायची. पाय घरात, फरशीवर. पुढचा भाग दोरीने दांडीला बांधा, निसटला तर खाली कुणाच्या डोक्यात पडेल. आणि जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची दांडी बाहेर काढूच नका.

एवढं करूनही एक कोपरा राहतो. राहू दे! अगदीच हवा असेल तर पट्टा-दोर लावून काम करणारी प्रशिक्षित माणसं बोलवा.

यंदा मावशींनी दांडी हातात घेतली, दोन मिनिटं बघितली आणि टोकाला माझा जुना बनियन गुंडाळला. म्हणाल्या, "कडेचं पाणी यानं टिपतं." खरंच टिपलं.

तर दिवाळीच्या आधी घरात एकदा विचारा: वरची काच कोण पुसतं, आणि कशावर उभं राहून? उत्तर ऐकून दांडी मागवावीशी वाटेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!